कडूबाचं वाल्टेर

परतूरला मोंढ्याच्या मागं अंगद मास्तरांचं घर आहे. एप्रिलातल्या एका रविवारी त्या घरात समुद्राचा विषय निघाला आणि मास्तरांच्या बापाच्या, म्हणजे कडूबाच्या, घशात भाकरीचा घास अडकला.

कडूबाच्या घशात काही अडकावं हीच मुळात नवलाची गोष्ट. वय एकाहत्तर, तोंडात दात अठरा, पण त्या अठरा दातांमधून जे बाहेर पडायचं त्याला उभ्या तालुक्यात तोड नव्हती. त्याच्या मळ्यातल्या एका मोसंबीचा रस काढायला दोन गडी बसवले होते, ते म्हणे अजून उठलेले नाहीत. त्याचा खोंड एवढा चपळ, की जाफराबादच्या बाजारातून तो निघाला की त्याची सावली दुसऱ्या दिवशी घरी पोचायची. पण ह्या सगळ्या फुटकळ गोष्टी. कडूबाची खरी इस्टेट म्हणजे वाल्टेरचा समुद्र.

चौऱ्याऐंशी साली मोसंबीचा ट्रक घेऊन कल्याण ड्रायव्हर वाल्टेरला निघाला होता. मालाची राखण म्हणून त्याच्यासोबत कडूबा गेला, आणि पंधरवड्यानं परत आला तो अख्खा समुद्र घेऊनच. गावातल्या लिंबाखाली बसून त्यानं तो उलगडला. तिथं जहाजं कशी, तर खुंट्याला बांधलेल्या म्हशींसारखी ओळीनं उभी. वेळ झाली की हंबरतात. लाटेनं त्याचं धोतर ओढून नेलं, ते तिसऱ्या दिवशी धुऊन, नीळ देऊन परत आणून टाकलं. आणि ट्रकमधली एक मोसंबी निसटून पाण्यात पडली, तर चार दिवस तिथले कोळी जी मासळी पकडायचे तिला चिंच घालायची गरज पडली नाही.

लोक पोट धरून हसायचे. पण हसता हसता एखादा म्हातारा विचारायचा, "अन् कडूबा, पलीकडचा काठ दिसतच न्हाई म्हणतोस?" मग कडूबा एकदम गंभीर व्हायचा आणि म्हणायचा, "न्हाई. तिथं नजर संपती." त्यावर कुणी हसायचं नाही. त्या लिंबाखालचे बहुतेक ऐकणारे आता गेले. पण अंगद त्या समुद्रावर वाढला, आणि अंगदची पोरगी पायलही. ती अकरावीला गेली तरी अजून कधी कधी म्हणायची, "आबा, वाल्टेरचं सांगा ना."

त्याच पायलनं त्या रविवारी घात केला.

"पप्पा, यंदा सुट्टीत समुद्र," ती म्हणाली. "तिरुपती झालं, शेगाव झालं. आता देव पुरे."

"गोव्याला जाऊ," अंगद म्हणाला.

"गोवा कशाला? आबांच्या वाल्टेरला जाऊ. मी शोधलं. आता त्याला विशाखापट्टणम म्हणतात. हे बघा, गाव, बंदर, डोंगर, सगळं तसंच आहे!" तिनं फोन सगळ्यांसमोर फिरवला. "आणि गाइड तर आपल्या घरातच बसलाय."

सून वंदना वहीत यादी केल्याशिवाय भाजीलाही जात नसे. तिनं लगेच वही उघडली. "आबा, तुम्ही कुठं उतरलेलात? समुद्रापासून किती लांब? चालत जाता येतं का?"

आणि घास अडकला तो इथं.

कारण खरी गोष्ट अशी, की कडूबानं समुद्र पाहिलेलाच नव्हता. वाल्टेर तर वाल्टेर, निजामाबादच्या पुढचा रस्तासुद्धा त्यानं पाहिला नव्हता. निजामाबादजवळ एका ढाब्यावर ट्रक थांबला. कडूबानं चहा मागवला आणि शेजारच्या बाजेवरच्या चार माणसांना मोसंबीची गोष्ट सांगायला घेतली. गोष्ट रंगली. रस काढणारे दोन गडी बसले, अजून काही उठले नव्हते, तेवढ्यात कल्याण ड्रायव्हरनं तीनदा हॉर्न दिला. कडूबानं हात वर केला, म्हणाला, "आलो, एवढं संपू दे." गोष्ट संपली तेव्हा रस्त्यावर धूळसुद्धा उरली नव्हती. खिशात परतीपुरते पैसे नाहीत, आणि गावात सांगून आलेला, समुद्र बघून येतो म्हणून. लाजेनं तो तिथंच राहिला. दिवसभर ढाब्याची भांडी राखेनं घासायची आणि किनाऱ्याकडून येणाऱ्या ड्रायव्हरांना विचारायचं, समुद्र कसा असतो भाऊ? कुणी तेलुगूत सांगायचा, कुणी हिंदीत, कुणी नुसते हात पसरून. बाराव्या दिवशी कल्याण परतला, त्यानं कान धरून ह्याला ट्रकमध्ये बसवलं आणि मर्दासारखं तोंड बंद ठेवलं. तो मेला तेव्हा कडूबा त्याच्या पोरांपेक्षा जास्त रडला होता.

गंमत अशी, की एवढ्या वर्षांत त्या न पाहिलेल्या गावाची कडूबाला खरोखर आठवण यायची. उन्हाळ्याच्या दुपारी बाजेवर पडलं की त्याला वाल्टेरचा धक्का दिसायचा, खारा वारा लागायचा. ढाबा मात्र तो साफ विसरला होता. आता वंदनाच्या वहीनं तो परत उकरून काढला.

त्यानं हालचाल सुरू केली. आधी गुडघा पुढं केला. वंदना म्हणाली, "तिथं व्हीलचेअर मिळते." मग हवेचं कारण काढलं. "मे महिन्यात तिथं अंगाला चिकचिक होती, पोरीला पुरळ येईल." पायल म्हणाली, "पावडर घेऊ." शेवटी अंगदनं तिकिटाची तारीख सांगितली, तशी कडूबानं भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं.

"अमावास्या!" त्याचा आवाज सणाच्या दिवशी निघतो तसा निघाला. "मास्तर, अमावास्येला घर सोडून राह्यले तुम्ही?"

"आबा, रेल्वेला अमावास्या नसते," वंदना म्हणाली.

"रेल्वेला नसती. आपल्याला असती."

ही अशी ओढाताण चाललेली असताना स्वयंपाकघरातून नंदाबाईचा आवाज आला. "तुम्ही जा सगळे. मी न्हाई येणार."

नंदाबाई म्हणजे कडूबाची बायको. तिचं बोलणं मोजकं आणि खरं. गावात दोन घरांचं भांडण लागलं की लोक नंदाबाई काय म्हणते ते विचारायचे आणि भांडण मिटवायचे. नवऱ्याची थाप सुरू झाली की ती उठून कामाला लागायची, हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही.

कडूबाला आधी हायसं वाटलं. म्हातारी नाही म्हणते म्हटल्यावर बेत मोडलाच. पण जेवण झाल्यावर बाजेवर पडला तर डोळा लागेना. चाळीस वर्षं आपण हिच्यापुढं समुद्र ओततोय, आणि हिला एकदा जाऊन बघावंसंसुद्धा वाटत नाही? चौऱ्याऐंशीत तीही निघाली होती. नवी हिरवी साडी घडी घालून ठेवली होती. ऐन वेळी कडूबाच्या आईनं दारात आडवं होऊन सांगितलं होतं, घरची सून ट्रकात बसणार न्हाई. नंदाबाईनं साडी परत पेटीत टाकली होती आणि काही न बोलता ज्वारी निवडायला बसली होती. ट्रक निघाला तेव्हा तिनं मान वर केली नव्हती, हे कडूबाला अजून आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर कुरडया घालत होती. तो वर गेला.

"का न्हाई येत?"

"कुरडया कोण वाळवल?"

"कुरडयापायी समुद्र सोडती?"

"तुमी बघितला न्हाई का? बस झालं एकानं बघितलेलं," ती म्हणाली, आणि सोऱ्यातून कुरडई अशी दाबली की ती वेडीवाकडी पडली. नंदाबाईची कुरडई वेडीवाकडी पडलेली कडूबानं त्याआधी पाहिली नव्हती.

बेत मोडला असं वाटत असताना तिसऱ्या दिवशी जाफराबादहून मीना आली. नंदाबाईची धाकटी बहीण. वंदनानं तिला फोनवर सांगितलं होतं, मावशी, आई येत नाहीत, तुम्ही समजावा आणि तुम्हीही चला. मीना एसटीतून उतरली ती पिशवीत दोन नव्या साड्या घेऊनच.

"अक्का, तू न्हाई म्हणती?" चपला काढायच्या आधी तिनं सुरुवात केली. "उभं जाफराबाद माझ्यासंगं यायला बसलंय, अन् तू न्हाई म्हणती? आपल्या माहेरात समुद्र बघितलेली एकच बाई, ती तू! तूच न्हाई आलीस तर मला दाखवणार कोण?"

पायलनं फोनमधून डोकं वर काढलं. "मावशीआजी, आजी कुठं गेल्ती समुद्राला?"

"म्हणजे? दाजींसंगं, वाल्टेरला! दरसाल पंचमीला आम्ही झोका सोडून अक्काकडून तेच ऐकायचो. मला सारं पाठ हाय. अक्का पाण्यात उभी राह्यली, तर लाट माघारी जाताना पायाखालची वाळूच काढून नेऊ लागली. तिला वाटलं जमीनच निघून चालली. ती दाजींना म्हणली, मी चालले. तवा दाजींनी दंडाला धरलं अन् म्हणले, उभी राहा, ती नेती अन् परत आणून देती. हो ना दाजी?"

सगळ्यांच्या माना कडूबाकडं वळल्या. नंदाबाई दारात उभी होती. तिच्या हातात पिठाची परात होती.

कडूबाच्या मनात पहिला विचार आला तो लाज आणणारा होता. चाळीस वर्षं ज्यानं समुद्र सांगितला त्या माणसाला पायाखालची वाळू कधी सुचली नव्हती. जहाजं हंबरवली, धोतराला नीळ दिली, पण पाण्यात उभं राहिल्यावर पायाला काय होतं हे त्यानं एकाही ड्रायव्हरला विचारलं नव्हतं. हेवा वाटला त्याला, अस्सल हेवा.

दुसरा विचार आला तो असा, की आता फक्त खरं बोलायचं. "नंदाबाई कुठं गेल्ती? ती तर घरीच होती." एवढं एक वाक्य. घरात गोंधळ उडेल, बहिणी-बहिणी रुसतील, सहल मोडेल आणि आपलं वाल्टेर शाबूत राहील. आयुष्यात पहिल्यांदाच खरं बोलण्यात त्याचा फायदा होता.

त्यानं नंदाबाईकडं पाहिलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. ज्वारी निवडताना खाली घातली होती तशी मान खाली.

"गेल्ती की!" कडूबा म्हणाला. "बराबर गेल्ती."

"आबा!" अंगद उठूनच बसला. "आजीनं तर मायला दारातच अडवलं होतं, तुम्हीच सांगता."

"अडवलं म्हणूनच तर. तुझ्या आजीला सांगितलं, सून चार दिवस माहेरी चाललीय. माहेरी कळवलं, वाल्टेरला चाललीय. कल्याणनं ट्रक नाल्याच्या वळणावर थांबवला, तिथं ती बसली. आता आई असेस्तोवर हे बोलायची सोय होती का? आई गेली अन् मंग कुणी विचारलं न्हाई." तो घोटभर पाणी प्यायला. "अन् वाळू तर अशी निघून चालली होती मीना, की हिला सावरायला मी दंड न्हाई धरला, मीच पडू नये म्हणून हिचा दंड धरून उभा होतो."

पायलनं टाळी वाजवली. मीनाच्या डोळ्यांत पाणी आलं. वंदना म्हणाली, "आईंनी एवढी वर्षं एक शब्द सांगितला नाही!" आणि वहीत नंदाबाईचं नाव लिहिलं. नंदाबाई परात घेऊन आत गेली.

ऊन उतरल्यावर ती गच्चीवर कुरडया गोळा करत होती. कडूबा शेजारी जाऊन बसला. तोही कुरडया उचलू लागला.

"तुमी गेले अन् मी राह्यले," तीच म्हणाली. "जाणार म्हणून माहेरी आधीच कळवलं होतं. पंचमीला गेले तर साऱ्या बाया वेशीपासूनच विचारू लागल्या, समुद्र कसा होता गं. न्हाई म्हणले असते तर मायनं सासूबाईला बोल लावला असता, माझ्या लेकीला जाऊ दिलं न्हाई म्हणून. हो म्हणले. एकदा हो म्हणलं की मंग दरसाल सांगावं लागलं."

"अन् ती वाळू?"

"दुधना नदीतली. धुणं धुताना पायाखालून सरकती तेवढी. तीच मोठी केली."

कडूबा तिच्याकडं बघतच राहिला. मग एक कुरडई उचलून परत खाली ठेवत म्हणाला, "मी बी न्हाई गेल्तो."

"कुठं?"

"वाल्टेरला. निजामाबादेत ट्रक सुटला. बारा दिवस ढाब्यावर भांडे घासले."

नंदाबाईचे हात थांबले. हसेल असं कडूबाला वाटलं होतं. ती हसली नाही.

"हाताला भेगा पडल्या होत्या तुमच्या," ती म्हणाली. "समुद्राच्या खाऱ्यानं पडल्या म्हणले तुमी. पंधरा दिवस तूप चोळलं मी. घरात पोळीला तूप नव्हतं तवा."

"राखेनं पडल्या होत्या."

"तूप चोळताना वास घेऊन बघायचे मी. म्हणलं, समुद्राचा वास लागंल." ती उठली. "चाळीस वर्षं जळले मी तुमच्यावर. गेले म्हणून. अन् तुमी गेलेच न्हाई."

टोपली घेऊन ती जिना उतरली. पुढचे दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. ताट समोर यायचं, पण ठेवणारी पायल असायची. कडूबाला तिखट लागेना, गोड लागेना. शेजारचे येऊन म्हणाले, काय आबा, नवी थाप? तर तो म्हणाला, "न्हाई बाबा, स्टॉक संपला." शेजाऱ्यांना ती सुद्धा थापच वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे चहाला बसले होते. नंदाबाई पदर खोचून आली आणि अंगदसमोर उभी राहिली.

"अमावास्येला निघायचं तर पस्ताना ठेवावा लागल."

"ते काय असतं?" पायलनं विचारलं.

"वाईट दिवशी निघणं आलं, तर चांगल्या दिवशी आधी एक गठुडं घराबाहेर काढायचं. वाटेवरच्या घरी नेऊन ठेवायचं. मंग प्रवास चांगल्या दिवशी सुरू झाला असं धरतात."

"एवढंच ना?" वंदना म्हणाली. "मोंढ्याजवळ रामप्रसाद काकांकडं ठेवू एक गठुडं."

"गठुडं जवळच्या वाटेला चालतं," नंदाबाई शांतपणे म्हणाली. "पाण्याच्या गावाला न्हाई चालत. पाण्याच्या गावाला घरातलं थोरलं माणूस पुढं जावं लागतं. जोडीनं. दोन दिवस आधी."

कडूबाच्या हातातली बशी कलली. पस्ताना त्याला माहीत होता, त्याच्या आजानं कितीदा तरी ठेवला होता. पण गठुड्याऐवजी माणूस? जोडीनं? पाण्याच्या गावाला? असला नियम ना पंचांगात होता ना उभ्या मराठवाड्यात. तो चहा पिताना पहिल्यांदाच जन्माला आला होता, आणि ज्या तोंडातून आला ते तोंड कधी खोटं बोलत नाही अशी साऱ्या गावाची साक्ष होती.

"आबा, असं खरंच असतं?" अंगदनं विचारलं.

"बिलकुल," कडूबा म्हणाला. घसा खाकरून आणखी चार पिढ्यांचा दाखला देणार होता, पण नंदाबाईनं अशी नजर टाकली, की दाखला जागच्या जागी विरघळला.

"मी बी येते अक्कासंगं," मीना म्हणाली.

"तुला न्हाई चालायचं. तू दुसऱ्या घरची. तू पोरांसोबत ये." नंदाबाईनं वंदनाची वही ओढून घेतली. "आम्ही पुढं जाऊन बघून ठेवतो. चाळीस वर्षांत काय काय बदललं असल. जल्दी तिकीट काढ."

तिकिटं निघाली. निघायच्या दिवशी दुपारच्या गाडीला अख्खं घर स्टेशनवर आलं. धपाट्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या चार बाटल्या, गुडघ्याचं तेल. पायलनं आबांच्या फोनमध्ये काहीतरी घालून दिलं आणि सांगितलं, हरवलात तर हे दाबा. नंदाबाईनं हिरवी साडी नेसली होती. ती चौऱ्याऐंशीची नव्हती, ती कधीच विरून तिच्या गोधड्या झाल्या होत्या. ही नवीच होती, मीनाच्या पिशवीतली.

गाडी हलली. सातोना गेलं. खिडकीतून नांगरलेली काळी रानं मागं पळत होती. कडूबाला ट्रकमधला मोसंबीचा वास आठवला, कल्याणची विडी आठवली. ह्याच दिशेनं निघालो होतो आपण, शेजारची जागा रिकामी होती. आता ती जागा भरलेली होती आणि त्याच्याशी अजून नीट बोलत नव्हती.

सेलूला एक बाई चढली. पोरीकडं परभणीला चालली होती. बसल्या बसल्या तिनं चौकशी सुरू केली. कुठून आलात, कुठं चाललात, पोरं किती.

"समुद्राला चाललोय," नंदाबाई म्हणाली.

"अगं माय! मी तर फोटोतच बघितलाय. तुम्ही बघितलाय का आधी?"

दोघांनी एकदमच उत्तर दिलं. कडूबा म्हणाला, "न्हाई." नंदाबाई म्हणाली, "हो."

बाई एकदा ह्याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघू लागली. नंदाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. चाळीस वर्षांत चारचौघांत तिनं त्या तोंडातून एवढं छोटं आणि एवढं खरं वाक्य ऐकलं नव्हतं. इतके दिवस धरून ठेवलेलं हसू तिच्या ओठांवर आलंच. तिनं डबा उघडला, एक धपाटं त्याच्या हातावर ठेवलं आणि बाईकडं वळून मांडी घातली.

"ह्यांनी न्हाई बघितला," ती म्हणाली. "मी सांगते, ऐका. आधी पाणी येतं ते घोट्यापर्यंत. गार लागतं. मंग ते माघारी जातं, अन् पायाखालची वाळू घेऊन चालतं…"

बाई सरकून जवळ आली. कडूबाही सरकला, कानाला हात लावून.